लॉगिनचा पडदा का येईना: बंदरावरच्या एका लिनक्स संगणकाचे प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरावरच्या मच्छीमार सहकारी सोसायटीच्या कार्यालयात एकच संगणक आहे. सभासद नौकांना दिलेल्या डिझेलचा हिशेब, त्या डिझेलवरील कराच्या परताव्यासाठी पाठवायची विवरणे आणि बर्फाच्या उधारीची खाती त्यावरच असतात. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. त्या दोन महिन्यांत नौका शाकारून ठेवलेल्या असतात, कार्यालय नावापुरते उघडते आणि संगणकाला सहसा कोणी हात लावत नाही. ऑगस्ट उजाडला की मात्र डिझेलसाठी रांग लागते आणि नेमक्या त्याच आठवड्यात हा संगणक आडवा झाला.

तो अगदी पहिल्या दिवसापासून बंद नव्हता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. हंगाम सुरू झाल्यावर चार-पाच दिवस त्याने कुरकुर न करता काम दिले आणि मग एका सकाळी लॉगिनचा पडदा आलाच नाही. फोनवर सचिवांनी सांगितलेले वर्णन मोजके होते: "सर, अक्षरं भराभर वर जातात, मग स्क्रीन चार-पाच वेळा मिचकते आणि काळी होते ती काळीच. कोपऱ्यात नुसती एक रेघ लुकलुकते." तंत्राची माहिती नसलेल्या माणसाने पाहिलेले असे तपशील अनेकदा तयार निष्कर्षांपेक्षा उपयोगी पडतात, म्हणून ते शब्द मी जसेच्या तसे टिपून ठेवले.

संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली होती, पण ती कोरी बसवलेली नव्हती. आधीच्या डेबियन ११ वरून ती चढवत आणलेली होती. डेस्कटॉप एक्सएफसीई, लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम लाइटडीएम आणि त्याखाली पडद्यावर प्रत्यक्ष चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर, अशी साधी रचना होती. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे मदरबोर्डाच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत एक जुने ग्राफिक कार्ड बसवलेले होते. तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका दुरुस्तीवाल्याने ते कार्ड पाहून 'ड्रायव्हर गेला, फॉरमॅट करावे लागेल' असा निकाल देऊन ठेवला होता. डिस्क भरली असेल का, हा प्रश्नही त्याला कोणीतरी विचारला होता. त्यावर कार्यालयातल्या ताईंनी आदल्याच दिवशी फाइल मॅनेजरमध्ये साठ जीबी मोकळी जागा पाहिली असल्याचे सांगितले आणि ती शंका तिथेच मिटली. या साठ जीबीकडे पुढे परत यावे लागेल.

ग्राफिक पडदा सुरू होत नाही म्हणजे ग्राफिक्समध्ये बिघाड आहे, हे गृहीत धरणे अगदी स्वाभाविक असले तरी लिनक्समध्ये ते धोक्याचे असते, कारण तो पडदा ही सुरू होण्याच्या क्रमातली जवळजवळ शेवटची पायरी आहे. प्रणाली सुरू करून देणारा ग्रब, तिचा गाभा असलेला कर्नल, सेवा सांभाळणारी सिस्टीमडी आणि तिने क्रमाने उभ्या केलेल्या सेवा या सगळ्यांचे काम झाल्यावर लाइटडीएमची पाळी येते. तो एक्स सर्व्हर सुरू करतो आणि एक्स सर्व्हर उभा राहिला तरच लॉगिनचा चौकोन दिसतो. खालच्या कोणत्याही पायरीवर काही अडले, तरी वापरणाऱ्याला दिसते ती काळी स्क्रीनच. त्यामुळे कोणती पायरी शेवटची धडपणे पार पडली, हे आधी ठरवायचे आणि त्यानंतरच औषध शोधायचे, हा क्रम मी पाळला.

सचिवांच्या वर्णनातूनच काही गोष्टी निकालात निघाल्या. अक्षरे भराभर वर जाताना दिसत होती, म्हणजे मॉनिटर, त्याची केबल आणि कार्डाचे प्राथमिक काम ठीक होते. स्क्रीन चार-पाच वेळा मिचकत होती, म्हणजे कोणीतरी पडदा सुरू करण्याचा प्रयत्न करत होते, पडत होते आणि पुन्हा उठत होते. सिस्टीमडीच्या मूळ मांडणीत एखादी सेवा दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडली, तर पुढचा प्रयत्न थांबवला जातो. त्या नियमाशी हे मिचकणे तंतोतंत जुळत होते.

कार्यालयात पोहोचल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ या कळा एकत्र दाबताच मजकुराचा कन्सोल उघडला आणि नेहमीच्या नावाने लॉगिनही झाले. याचा अर्थ कर्नल, मूळ फाइलप्रणाली आणि वापरकर्त्यांची नोंद हे सारे शाबूत होते. सिस्टीमडीशी बोलणाऱ्या सिस्टीमसीटीएल या आज्ञेला लाइटडीएमची स्थिती विचारल्यावर अपेक्षेप्रमाणे सेवा अयशस्वी असल्याचे आणि ती फार वेगाने पुन्हा पुन्हा सुरू केली गेल्याचे उत्तर आले. कर्नलने कार्डासाठी कोणता ड्रायव्हर घेतला आहे, ते एलएसपीसीआय या आज्ञेला के हा पर्याय जोडून पाहिले. खुला ड्रायव्हर नीट बसलेला होता आणि कन्सोलची अक्षरेही मॉनिटरच्या पूर्ण रिझोल्यूशनला उमटत होती. ड्रायव्हर गेल्याचा निकाल इथेच डळमळीत झाला. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन फाइलप्रणाली बिघडते आणि कर्नल तिला केवळ वाचण्याजोगी करून टाकतो, हा कोकणातला नेहमीचा अनुभव. म्हणून जोडलेल्या विभागांची, म्हणजे माउंटची, यादीही तपासली, पण प्रणालीचा मूळ विभाग लिहिण्याजोगाच होता.

यानंतर एक्स सर्व्हरची नोंदवही पाहायची होती. व्हार-लॉग या फोल्डरमध्ये तो आपली नोंद लिहितो आणि ज्या ओळींवर कंसात दोन ई असतात त्या चुकीच्या ओळी, हे बहुतेक लिनक्स वापरणाऱ्यांना माहीत असते. फाइल जागेवर होती, तिच्यावर त्याच सकाळची वेळ होती आणि तिचा आकार शून्य बाइट होता.

या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ही रिकामी फाइल. एक्स सर्व्हर सुरूच झाला नसता तर आजच्या वेळेची फाइल तयार झाली नसती. सुरू होऊन ड्रायव्हरवर अडला असता तर फाइलमध्ये शेकडो ओळी आणि शेवटी तक्रार असती. फाइलला नाव मिळाले पण मजकूर मिळाला नाही, असे होण्याची कारणे फार थोडी आहेत. ext-४ या फाइलप्रणालीत फाइलचे नाव आणि तिची वर्णननोंद ठेवण्याची जागा बहुधा आधीच राखलेली असते, मजकुरासाठी मात्र नवा ब्लॉक मागावा लागतो. तो ब्लॉकच उपलब्ध नसेल तर अशी नावापुरती फाइल उरते.

डिस्कची मोकळी जागा सांगणाऱ्या डीएफ या आज्ञेने शंका पक्की केली. एकशेवीस जीबीच्या एसएसडीवर दोन विभाग केलेले होते. वापरकर्त्यांच्या फायलींच्या होम विभागात साठ जीबी खरोखरच मोकळे होते आणि फाइल मॅनेजर ताईंना तोच विभाग दाखवत होता. प्रणालीचा मूळ विभाग अठ्ठावीस जीबीचा होता आणि त्यात उपलब्ध जागा शून्य होती. ext-४ साधारणपणे पाच टक्के ब्लॉक रूट वापरकर्त्यासाठी बाजूला ठेवते, जेणेकरून डिस्क भरली तरी प्रशासकाला हालचाल करता यावी. पण डेबियनमध्ये लॉग लिहिणारा आर-सिसलॉग रूटच्याच अधिकाराने चालतो, त्यामुळे ती राखीव जागाही खाल्ली गेली होती.

तरीही डिस्क भरल्यामुळे पडदा का येऊ नये, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत निदान पूर्ण झाले असे मी मानत नाही. कारण डिस्क भरलेली असणे आणि पडदा न येणे या दोन गोष्टी योगायोगाने एकाच वेळी घडू शकतात. नोंदवही लिहिली जात नव्हती, म्हणून एक्स सर्व्हर कन्सोलवरून हाताने चालवला, म्हणजे तो जे बोलेल ते थेट समोर उमटेल. तो पडताना म्हणाला की कीबोर्डाचा नकाशा संकलित करता आला नाही आणि मुख्य आभासी कीबोर्ड सुरू करता येत नाही. ही ओळ सचिवांच्या नजरेस पडली असती तर नवा कीबोर्ड आणायला कोणीतरी एसटीने दापोलीला निघाले असते.

हा संदेश वरवर विचित्र वाटतो, पण त्यामागचे काम समजले की तो अगदी नेमका आहे. एक्स विंडो प्रणालीची अकरावी आवृत्ती १९८७ सालची आहे आणि तिच्या रचनेत पडदा, कीबोर्ड आणि माउस ही तिन्ही साधने एकाच सर्व्हरच्या ताब्यात असतात. सुरू होताना एक्स सर्व्हर कळांच्या मांडणीचा नकाशा तयार करण्यासाठी एक्सकेबीकॉम्प नावाचा वेगळा छोटा प्रोग्राम बोलावतो. तो प्रोग्राम संकलित नकाशा डिस्कवरच्या एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो, सर्व्हर ती फाइल वाचतो आणि पुसून टाकतो. डेबियन १२ मध्ये या तात्पुरत्या फाइलची जागा मूळ विभागातच असते. तिथे काही किलोबाइटदेखील शिल्लक नसल्याने नकाशा लिहिला गेला नाही, नकाशा नाही म्हणून कीबोर्ड नाही, आणि कीबोर्डाशिवाय एक्स सर्व्हर उभा राहायला तयार नाही. ग्राफिक कार्डाचा या पडण्याशी थेट संबंध काहीच नव्हता. थेट हा शब्द मात्र जपून वापरला आहे.

अठ्ठावीस जीबी कोणी खाल्ले, हे डीयू आज्ञेने लगेच दाखवले. व्हार-लॉगमधल्या केवळ दोन फायलींनी, कर्न-लॉग आणि सिसलॉग यांनी, मिळून जवळजवळ वीस जीबी जागा व्यापली होती. अशा वेळी या दोन फायली पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की आर-सिसलॉगने फाइल उघडी धरून ठेवलेली असते. आरएम आज्ञेने तिचे नाव जाते, पण लिहिणारा प्रोग्राम ती सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही, आणि वीस जीबी पुसूनही डीएफ शून्यच दाखवत असलेला पाहून माणूस भलत्याच दिशेला लागतो. दुसरे अधिक गंभीर आहे: त्या फायलींमध्येच त्या का फुगल्या याचा पुरावा असतो. म्हणून आधी दोन्ही फायलींच्या शेवटच्या काही हजार ओळी रन या फोल्डरमध्ये उतरवून घेतल्या. तो फोल्डर मेमरीत असतो, त्यामुळे भरलेल्या डिस्कची तिथे अडचण येत नाही. मग ट्रंकेट आज्ञेने मूळ फायली शून्यावर आणल्या, सिस्टीमसीटीएलला लाइटडीएमच्या अपयशाची नोंद पुसायला सांगितली आणि सेवा सुरू केली. लॉगिनचा पडदा आला, आणि ताईंनी लगेच डिझेलची नोंदवही उघडून पाहिली. होम विभाग वेगळा असल्यामुळे हिशेबाला धक्का लागलेला नव्हता.

पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपते आणि बिलही इथेच होते. उतरवून घेतलेल्या ओळी वाचल्यावर मात्र खरी तक्रार समोर आली. चार-चार ओळींचा एकच संदेश अखंड पुन्हा पुन्हा येत होता: पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गावर चूक झाली, ती सुधारली गेली, चूक भौतिक स्तरावरची आहे आणि ग्रहण करणाऱ्या बाजूची आहे. खाचेचा पत्ता पाहिला तर तो ग्राफिक कार्डाचाच निघाला.

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक पाकिटाला क्रमांक आणि तपासणीसंकेत जोडलेला असतो. पाकीट बिघडून पोहोचले तर घेणारी बाजू ते नाकारते आणि पाठवणारी बाजू तेच पुन्हा पाठवते. त्यामुळे माहितीचे नुकसान होत नाही, पडद्यावर कोणताही दोष दिसत नाही आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कर्नल मात्र अशी प्रत्येक दुरुस्ती इमानेइतबारे लॉगमध्ये मांडतो. इथे सेकंदाला दीडशेच्या आसपास असे संदेश येत होते. एका संदेशाचे सुमारे साडेचारशे बाइट धरले आणि डेबियनच्या मूळ मांडणीत कर्नलचा प्रत्येक संदेश कर्न-लॉग व सिसलॉग या दोन्ही फायलींत जातो हे लक्षात घेतले, तर तासाला साधारण अर्धा जीबी होतो. आठ तासांच्या कामाच्या दिवसाला चार जीबी, आणि मूळ विभागात हंगामाच्या सुरुवातीला वीस जीबीच्या आसपास जागा मोकळी होती. संगणक चार-पाच दिवस चांगला चालून मग का थांबला, याचे उत्तर या गुणाकारात आहे. लॉग फिरवणारा लॉगरोटेट कर्न-लॉगला आठवड्यातून एकदाच हात लावतो. आठवडा भरण्याआधीच डिस्क भरली.

एकाएकी या चुका मे महिन्यात नव्हे तर ऑगस्टमध्येच का सुरू झाल्या, याचे कारण लिनक्समध्ये सापडणार नव्हते. कार्यालय बंदराच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि संगणकाचे खोके समुद्राकडच्या खिडकीखाली जमिनीवर ठेवलेले होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि कोकणात जून-जुलैमध्ये आर्द्रता या पातळीच्या खाली क्वचितच येते. पाऊस आत न येताही धातूवर बसलेल्या क्षारांचा ओला थर तयार होतो. संगणक रोज चालू असला तर आतली उष्णता हा थर बऱ्याच अंशी सुकवते. दोन महिने बंद राहिलेल्या खोक्यात तो तसाच राहतो. कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, त्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून खालच्या निकेल-तांब्यापर्यंत गंज पोहोचतो.

वीज काढून, खोके उघडून कार्ड बाहेर घेतले तेव्हा बाहेरच्या पत्र्यावर तांबूस गंज होता आणि त्या बाजूच्या संपर्कपट्ट्यांवर पांढरट-हिरवी छटा चढलेली होती. अशा पट्ट्या खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती मला पटत नाही: खोडरबर घासून चमक आणतो, पण मुळात पातळ असलेला मुलामा आणखी झिजवतो आणि पुढच्या पावसाळ्याला वाट मोकळी करून देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड यांनी पट्ट्या पुसल्या, खाचेतली धूळ हवेच्या झोताने काढली, सारे पूर्ण सुकू दिले आणि कार्ड नीट दाबून बसवले.

परिणाम डोळ्यांनी ठरवण्याजोगा नव्हता, कारण पडदा आधीही चांगलाच दिसत होता. कर्नल प्रत्येक पीसीआय एक्स्प्रेस उपकरणासाठी सुधारलेल्या चुकांचा आकडा सिस या आभासी फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये ठेवतो. संगणक सुरू झाल्यापासूनची ती मोजणी असते. सफाईपूर्वी तो आकडा पाहता पाहता वाढत होता. सफाईनंतर दिवसभराच्या कामाअखेर तो शून्यावर होता.

याच तक्रारीवर एक सोपा तोडगा सर्वत्र सांगितला जातो: कर्नलला सुरू होताना एक पर्याय देऊन या चुकांची नोंदच बंद करायची. त्याने डिस्क भरणे नक्की थांबते. काही मदरबोर्डांवर वीजबचतीच्या सोयीमुळे निरुपद्रवी चुकांचा असाच पूर येतो आणि तिथे हा तोडगा समर्थनीयही ठरतो, परंतु संपर्क गंजत असलेल्या कार्डाच्या बाबतीत तो केवळ तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करतो. गंज वाढत जातो आणि सुधारता येण्याजोग्या चुका एक दिवस न सुधारता येण्याजोग्या होतात. फॉरमॅट करण्याच्या सल्ल्याचाही शेवट असाच झाला असता, तोही अधिक फसव्या रीतीने: कोऱ्या डेबियन १२ मध्ये आर-सिसलॉग मुळात बसवला जात नाही आणि सिस्टीमडीचे स्वतःचे लॉग, म्हणजे जर्नल, आपल्या जागेची मर्यादा स्वतः पाळते, त्यामुळे डिस्क भरली नसती, पडदा व्यवस्थित आला असता आणि फॉरमॅटने रोग बरा झाला अशी सर्वांची खात्री पटली असती.

याच कारणासाठी या संगणकावरून आर-सिसलॉग काढून टाकला. डेबियन ११ च्या काळापासून तो मागे राहिलेला होता आणि त्याच्या नोंदींची येथे कोणालाच गरज नव्हती. जर्नल मूळ विभागाच्या दहा टक्क्यांहून अधिक जागा घेत नाही आणि कितीही मोठी डिस्क असली तरी चार जीबीवर थांबते, शिवाय पंधरा टक्के जागा इतरांसाठी मोकळी सोडते. पुढे दुसरा कोणताही प्रोग्राम बडबडू लागला तरी निदान लॉगपायी लॉगिन अडणार नाही.

खोके खिडकीखालून काढून आतल्या भिंतीलगतच्या टेबलावर ठेवले आहे. बंदीच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला एकदा संगणक तासभर चालू ठेवायचा, असे सचिवांनी मान्य केले. विजेचा खर्च नगण्य आहे. ताईंना चुकांचा आकडा दाखवणारी आज्ञा डेस्कटॉपवरच्या एका चिन्हात बसवून दिली आहे आणि संगणक बंद करण्यापूर्वी तो आकडा डिझेलच्या नोंदवहीच्या समासात लिहायचे ठरले आहे. सलग काही दिवस तो वाढताना दिसला, तर पुन्हा सफाईच्या फंदात न पडता कार्डच बदलावे, असे मी सुचवले आणि त्यासाठी लागणाऱ्या रकमेला पुढच्या सभेत मंजुरी घेण्याचे चेअरमननी कबूल केले आहे.